तांब्याभर मळी

१

मळी बघितलीय का कधी तुम्ही? साखर कारखान्यात उसातली साखर काढून घेतल्यावर जे काळं, घट्ट उरतं ना, ते. वास गोड, पण त्या गोडाच्या मागं काहीतरी आंबलेलं. हा वास एकदा अंगाला लागला की मुंग्या काही त्या माणसाची पाठ सोडत नाहीत. त्यामुळं यशराज कामावरून आला, बूट दाराबाहेर काढले, की थोड्याच वेळात त्या बुटांना मुंग्यांची रांग लागायची आणि त्याची आई, कौसल्या, आतनंच म्हणायची, "आलं का माझं गुळाचं ढेकूळ?"

यशराज लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला. तिथं एका खाजगी कंपनीच्या मळी साठवायच्या टाक्या आहेत. दोन-तीन मजली घराएवढ्या उंच, लोखंडी, आणि उन्हात उभ्या राहून दिवसभर कुरकुरणाऱ्या. याचं काम म्हणजे रोज सकाळी शिडीनं टाकीवर चढायचं, वरचं गोल झाकण उघडायचं, वजन लावलेला टेप आत सोडायचा आणि टाकी किती रिकामी आहे ते मोजायचं. किती भरलीय ते नाही हां, किती रिकामी. मळी एवढी घट्ट की टेप तळाला पोचतच नाही, म्हणून वरची मोकळी जागा मोजतात.

आता उत्कर्षा. यशराजची मोठी बहीण. शिकायला पुण्यात गेली, तिथंच कंटेंट रायटिंगची नोकरी लागली, आणि ऑफिसनं घरून काम करायला सांगितल्यावर लॅपटॉप घेऊन परत बारामतीत. वडील फार लवकर गेले. आई दुसऱ्यांच्या वावरात भाजी तोडायला जायची, तेव्हा यशला हिनंच कडेवर घेऊन मोठं केलं. म्हणजे म्हणायला ताई आणि खरं तर अर्धी आई, असा प्रकार. आणि हिला एक नाद होता. इंग्रजी शब्द कुठनं आले, कसे बदलले, यावर मराठीत रील्स करायची. बऱ्यापैकी चालायच्या पण.

तर एका संध्याकाळी यश चहात पाव बुडवत म्हणाला, "ताई, एक शब्द सांग की. आमच्या तक्त्यावर लिवलेला असतोय. अलेज. मॅनेजर म्हणला, रिकामी जागा. मग सरळ रिकामी जागाच का न्हाय लिवत?"

झालं. हिनं चहा बाजूला ठेवला, मांडी घातली. बघितलं, वाचलं, अजून बघितलं, आणि जेवायच्या वेळेला ही नुसती नाचायची बाकी.

"यशा, ऐक. हा शब्द डोळ्यापासून निघालाय. पूर्वी वाइन लाकडी पिंपात ठेवायचे ना, त्या पिंपाला वर एक भोक. जुन्या फ्रेंचमधे त्या भोकाला डोळा म्हणायचे. लाकडातनं वाइन हळूहळू उडून जाते, मग पीप डोळ्यापर्यंत परत भरावं लागतं. त्या भरण्यावरून हा शब्द. इंग्रजीत आला आणि भरणं गेलं, भरायला जेवढं कमी पडतंय तेवढं राहिलं. मग नुसती रिकामी जागा. मग पेल्याच्या तळाशी उरतो तो गाळ. आणि शेवटी जहाजावरचे खलाशी बिनकामाच्या माणसाला म्हणायला लागले."

यश भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेला. "डोळ्यापास्नं निघालं आन बिनकामाच्या माणसापाशी येऊन थांबलं."

"हो ना. भारी ना?"

"तितनं परत माघारी जात असंल का गं?"

"काय?"

"न्हाय, असंच," म्हणाला आणि जेवायला लागला.

२

"पण आमच्यात अजूनबी भरत्यात," यश नंतर म्हणाला.

त्यांच्याकडं सर्जेराव तात्या म्हणून एक जुने कामगार होते. टाक्या उभ्या राहिल्यापासूनचे. त्यांचा रिवाज असा, की झाकण उघडलं तरी लगेच आत बघायचं नाही. खालच्या नळातनं तांब्याभर मळी काढून वर न्यायची, तोंड दुसरीकडं करून ती आत ओतायची, आणि मग टेप सोडायचा. कामावर कुणी नवीन आलं की आधी तांब्या हातात, टेप नंतर.

"का पण?" उत्कर्षानं विचारलं.

"मीबी इचारलं. तात्या म्हणलं, तुझी आई शेजारणीची वाटी रिकामी परत देती का?"

आणि खरंच की. शेजारच्या लीलाबाईंकडनं कधी खरवस यायचा, कधी शेंगोळी. आई ती वाटी घासायची, पुसायची आणि चिमूटभर का होईना, साखर घालूनच परत द्यायची. साखर नसली तर शेंगदाणे. काहीच नसलं तर वाटी दुसऱ्या दिवसापर्यंत घरात, पण रिकामी म्हणून जायची नाही. उत्कर्षानं एकदा विचारलं होतं तेव्हा आई नुसती म्हणाली होती, "रिकामं दिलं की रिकामं येतं. जा, देऊन ये."

आता तुम्हीच सांगा, रील करणाऱ्या पोरीनं हे सोडलं असतं का? यशनं मोबाइलवर तात्यांचा व्हिडिओ काढून आणला. तात्या टाकीवर उभे, मान वळवलेली, हातातल्या तांब्यातनं मळीची जाड काळी दोरी आत सुटलेली. हिनं वरनं आवाज दिला. परदेशात विसरलेलं काम लोणी देवकरला अजून चालू आहे, वगैरे. रील पळाली. अशी पळाली की तिचा ऑफिसातला बॉस पण हार्ट टाकून गेला.

आणि ती पळत पळत कंपनीच्या पुण्यातल्या मोठ्या साहेबापर्यंत पण गेली. मोजायच्या आधी टाकीत बाहेरनं काहीतरी ओततायत, हे काय चाललंय? तांब्या बंद. तात्यांना गेटवर बसवलं. आणि टाक्यांवर चढायला राहिला एकटा यशराज.

"तू चढतोस ना नीट?" उत्कर्षानं दोन-चारदा विचारलं. तिला वाईट वाटत होतं, पण तात्यांचं. यशचं काय, तो मजेत होता.

"टेपच सोडायचाय की गं," तो म्हणाला. "फकस्त आता आत बघावं लागतंय. तांब्या ओतताना मान तिकडं असायची."

३

पहिली गोष्ट काय लक्षात आली असेल तर आवाज.

त्यांचं घर म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर आणि वर पत्रा. पुढच्या खोलीत कॉट, कपाट, शिलाई मशीन, गाद्यांची चळत, गव्हाची कोठी. हलायला जागा नाही. अशा खोलीत आवाज घुमत नाही, हे कुणीपण सांगेल. उत्कर्षा तर तिथंच गोधडीत तोंड खुपसून रील्स रेकॉर्ड करायची.

यश कामावरून आला, कॉटवर बसला आणि म्हणाला, "ताई, पाणी दे."

आणि ते घुमलं.

फार नाही. विहिरीवर ओणवं होऊन बोललं की शब्दाच्या मागनं शब्दाची सावली येते ना, तेवढंच. उत्कर्षा बोलली तर घुमेना. आई बोलली तर घुमेना. तिनं टाळी वाजवून बघितली. कोरडी, साधी टाळी. मग वाटलं, आपलेच कान. दिवसभर हेडफोन लावून बसतो आपण.

पाणी आणून दिलं. तो प्यायला, अजून मागितलं, तेही प्यायला. आणि पाणी आत पडताना तिला ऐकू आलं. खूप खाली पडल्यासारखं.

त्या दिवशी आई दारातनं आत येत म्हणाली, "यशा, आज गेला न्हवतास व्हय कामाला?"

"गेलतो की."

"मग बुटाला मुंग्या कशा न्हाईत?"

बुटांना मळी लागलेली होती. वाळलेली, काळी. मुंग्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथनं वळून भिंतीच्या कडेकडेनं निघून चालल्या होत्या.

४

पुढचे काही आठवडे उत्कर्षा स्वतःला समजावत होती. पोरगं वाळतंय, तर ऊन केवढं आहे. खातंय भाकरीवर भाकरी आणि अंगाला लागत नाही, तर जंत असतील. कॉटवर झोपला तर कॉट वाजत नाही, गादी दबत नाही, तर गादी नवीन आहे. गादी नवीन नव्हती.

मग एका सकाळी तो स्वयंपाकघरात दिसला. पाण्याच्या पिंपावर वाकलेला. एक डोळा मिटलेला आणि दुसरा पिंपाच्या तोंडाशी. ती म्हणाली, "काय रे, काय पडलं?" तर दचकला नाही, काही नाही. सरळ झाला, "किती उणं हाय ते बघत होतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तांदळाचा डबा. मग तेलाची बरणी. मग आई झोपलेली असताना तिच्या उघड्या तोंडावर वाकलेला. उत्कर्षानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं, आणि तो इतका सहज मागं आला की तीच मागच्या मागं पडली.

डॉक्टरकडं नेला. बारामतीत दवाखान्यांना काय तोटा. डॉक्टर तरुण, हसतमुख. त्यांनी नळी छातीला लावली, मग जरा खाली, मग पाठीला. जरुरीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिले. मग नळी काढली आणि दोन बोटांनी छातीवर टकटक केलं, आपण बाजारात मडकं घेताना वाजवून बघतो तसं. हसू गेलं होतं. म्हणाले, "बी-ट्वेल्व्ह कमी असेल. रिपोर्ट काढू." रिपोर्ट सगळे चांगले आले.

त्याच आठवड्यात कंपनीनं त्याला घरी बसवलं. शिडीवर वारा आला की हलतोय, म्हणाले.

"मॅनेजर काय म्हणला माहितीय?" यश भिंतीला टेकून सांगत होता, आणि प्रत्येक शब्दाच्या मागनं तो दुसरा शब्द येत होता. "म्हणला, बिनकामाचा झालास लेका."

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. बिनकामाचा माणूस. त्याच्या आधी गाळ. त्याच्या आधी रिकामी जागा. त्याच्या आधी, भरायला जेवढं लागेल तेवढं. आणि सगळ्यात आधी डोळा. तिनंच तर सांगितला होता हा रस्ता, मांडी घालून, उत्साहात.

छे, असं कुठं असतं? शब्द आहे तो. शब्द काय माणसाला धरतो?

"ताई," यश म्हणाला. "मला भूक न्हाय गं. मी मोकळा हाय नुसता. आतनं बघतोय कोणतरी, किती ऱ्हायलंय."

५

ती भिगवणवरून एसटीनं लोणी देवकरला गेली ती भर दुपारी. सगळे साहेब जेवायला गेलेले. हायवेच्या गाड्यांचा आवाज, आणि टाक्या उन्हात कुरकुरतायत. सर्जेराव तात्या गेटवर खुर्ची टाकून बसले होते. तिला बघून उठले नाहीत.

"तूच व्हय ती यशाची भन," म्हणाले. "व्हिडिओवाली."

"चुकलं माझं, तात्या."

"माझी काय तक्रार न्हाय. हितं सावली हाय. पोरगं कसं हाय?"

तिनं सांगितलं. सगळं. घुमणारा आवाज, पिंप, आईचं तोंड, आणि आता कॉटवरनं उठत पण नाही ते. तात्या ऐकत होते आणि रस्त्याकडं बघत होते.

"आता तांब्या ओतला तर?" तिनं विचारलं. "तर देईल का ते त्याला परत?"

"कोण?"

तिनं मान वर करून टाकीकडं बघितलं.

"मलाबी म्हाईत न्हाय, पोरी. माझ्या आधीचा माणूस वतायचा, म्हणून मी वतायचो. भरून येईल म्हणून मी सांगणार न्हाय." पण उठले, खुर्चीखालच्या पिशवीतनं तांब्या काढला आणि तिच्या हातात दिला. "मान तिकडं करून वत. आत बगू नगं."

नळातनं मळी यायला फार वेळ लावते. तांब्या भरला, जड झाला. शिडीच्या पायऱ्या तापलेल्या. वर पोचली तेव्हा तिचे तळवे भाजले होते. झाकण उघडलं, आतनं तो गोड, आंबलेला, गरम वास वर आला, जणू कुणी श्वास सोडला. मान वळवली. दूरवर उसाचे पट्टे, त्यापलीकडं उजनीच्या पाण्याची लकाकी. ओतायला लागली.

पडल्याचा आवाज येईना.

मळी घट्ट, आवाज होणार नाही, ती स्वतःला म्हणाली. टाकी खोल आहे. पण तांब्या हलका झाला, रिकामा झाला, तरी काहीच नाही. नुसतं घेतल्यासारखं. आणि मग त्या झाकणातनं, अगदी जवळनं, यशच्या आवाजात, "ताई."

कोण नाही बघणार, सांगा बरं? तुमचा भाऊ असता तर?

मळी खोल नव्हतीच. हात घातला तर लागेल इतकी वर होती. काळी, स्थिर, आरशासारखी. वरचं गोल भोक तिच्यात दिसत होतं, भोकात आभाळ, आणि आभाळाच्या मधोमध आत वाकलेलं एक डोकं. स्वतःचंच डोकं दिसणार, दुसरं कुणाचं. पण त्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. एक डोळा मिटलेला. दुसरा तिच्याकडं लागलेला, आणि ओला. त्याचे ओठ हलले, पण आता आवाज आला नाही.

ती शिडी कशी उतरली तिला आठवत नाही. खाली तात्यांनी तांब्या घेतला नाही. "ठेव तुझ्यापाशी. आत बगितलं का?"

"नाही," ती म्हणाली.

"बरं झालं," तात्या म्हणाले, आणि खुर्ची उन्हातनं सावलीत ओढून तिच्याकडं पाठ करून बसले.

६

भिगवणच्या स्टँडवर असतानाच आईचा फोन आला. आई रडत होती, पण आनंदानं.

"अगं, यशा उठला. दुपारीच उठला, आपला आपण. कॉट वाजली बघ उठताना. आवाज कसा सणसणीत. म्हणतोय, ताई कुठाय?"

घरी पोचली तर खरंच. यश कॉटवर ताठ बसलेला. गाल भरलेले, मनगटं जाड, गादी खाली दबलेली. "आलीस व्हय," म्हणाला, आणि ते घुमलं नाही. अजिबात नाही. गच्च, भरलेला, जवळचा आवाज. उत्कर्षा दारातच बसून रडली. काय डोकं चालवत होतो आपण. उन्हानं दिसलं काहीतरी टाकीत. हेल्मेट म्हणे.

आईनं देवापुढं साखर ठेवली. "नमस्कार कर रं."

यशनं हात जोडले, पण वाकला नाही. आईच्या पाया पडायचं तर तिचेच हात धरून ताठ उभा राहिला. आई म्हणाली, अशक्तपणा असेल. उत्कर्षाचा रुमाल खाली पडला, तो त्याच्या पायाशीच होता. त्यानं नुसतं बघितलं. मान सरळ ठेवून, फक्त डोळे खाली.

"उचल की," ती हसत म्हणाली.

"सांडंल," यश म्हणाला.

७

दुसऱ्या दिवशी लीलाबाई येऊन बघून गेल्या. कसा भरला पोरगा, म्हणाल्या. जाताना त्यांचं लक्ष उंबऱ्याकडं गेलं. "मुंग्या लई झाल्यात गं, कौसल्या. हळद टाक."

मुंग्या परत आल्या होत्या. दाराबाहेर यशचे बूट तसेच पडून होते, कितीतरी दिवस कुणी पाय न घातलेले. मुंग्या बुटांजवळनं गेल्या, थांबल्या नाहीत. उंबरा ओलांडून आत. शिलाई मशीनच्या कडेनं, कॉटच्या पायावरनं वर.

यश दुपारचा उताणा झोपला होता. उशी नको म्हणाला होता. उत्कर्षा रांगेच्या मागं मागं गेली. चादरीच्या काठावरनं, खांद्यावरनं, मानेवरनं, गालावरनं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यापाशी त्या गोळा झाल्या होत्या, दाटीवाटीनं, आणि तिथं काहीतरी चमकत होतं. तिनं ओढणीच्या टोकानं हळूच पुसलं. ओढणी चिकटली. काळा, जाड डाग. गोड, आंबलेला वास.

डोळ्यापर्यंत भरलेला होता तो. काठोकाठ.

त्यानं डोळे उघडले. आत पांढरं काही नव्हतं. नुसती काळी, स्थिर चकाकी, आणि तिच्यात वाकलेलं तिचं डोकं.

"ताई," तो म्हणाला. "जरा कमी वाटतंय."

स्वयंपाकघरातनं आई म्हणाली, "दे की गं त्याला काय पाहिजे ते. आत्ता कुठं भरलाय पोरगा. परत रिकामा व्हायचा न्हाईतर."

तांब्या ओट्यावर होता. आईनं घासून, पुसून, त्यात चिमूटभर साखर घालून ठेवलेला, रिकामा परत जाऊ नये म्हणून. लोणी देवकरला जायला दुपारची एसटी होती. न जावं तर कॉटवरचा हा तिच्या डोळ्यांदेखत उणा होत जाणार, आणि आईला दुसऱ्यांदा ते बघावं लागणार. आणि जावं तर. तिचा यश, कडेवर वाढवलेला, कुठं आहे ते तिनं काल बघितलं होतं. हेल्मेट घालून, एक डोळा मिटून, वर बघत.

उत्कर्षानं तांब्या उचलला. आज टाकीतल्या त्याच्यावर आणखी एक ओतायचा होता. उद्या आणखी एक.